मेंदूविकारशास्त्र आणि मेंदूशस्त्रक्रिया : स्त्रियांचा सहभाग

मेंदू, मज्जारज्जू व मज्जातंतू यांच्या विकारांचे निदान, उपचार आणि शस्त्रक्रिया या क्षेत्रांत स्त्रियांनी केलेले कार्य. काळ साधारणपणे १८८० नंतरचा. मुख्य शल्यविशारद म्हणून हाती सुरी येण्यापूर्वी पुष्कळ जणी विकृतिशास्त्राची प्रयोगशाळा, नोंदवही आणि संपादनाचे टेबल या वाटांनी येथे पोचल्या. परिचारिका आणि भूलतज्ज्ञ यांचा विचार प्रस्तुत नोंदीत केलेला नाही.

फ्रान्स : ऑग्युस्ता देजेरीन-क्लुम्पके (१८५९–१९२७). जन्म सॅन फ्रान्सिस्को येथे. शिक्षण व कार्य पॅरिसमध्ये. तेथील रुग्णालयांत इंटर्न नेमण्यासाठी होणारी चुरशीची परीक्षा स्त्रियांना बंद होती. ब्लांश एडवर्ड्स आणि क्लुम्पके यांनी ती खुली व्हावी म्हणून खटपट केली. वरिष्ठ डॉक्टरांचा कडवा विरोध असतानाही १८८५ मध्ये परवानगी मिळाली आणि पुढे क्लुम्पके या परीक्षेतून निवडल्या गेलेल्या पहिल्या स्त्री ठरल्या. १८८५ मध्येच, अजून विद्यार्थिनी असताना, त्यांनी भुजाजालाच्या (मानेतून हाताकडे जाणाऱ्या मज्जातंतूंच्या जाळ्याच्या) खालच्या मुळांना होणाऱ्या इजेवर निबंध प्रसिद्ध केला. या इजेत पंजाचे लहान स्नायू लुळे पडतात आणि कधीकधी त्याच बाजूच्या डोळ्याची बाहुली बारीक होते. हाताच्या दुखण्यात डोळा कसा गुंतला, याचे उत्तर त्यांनी शरीररचनेत शोधले : डोळ्याकडे जाणारे अनुकंपी तंतू पहिल्या वक्षीय मुळाशी निगडित असतात. प्रसूतीच्या वेळी बाळाचा हात ओढला गेल्याने होणारा या प्रकारचा लुळेपणा आजही क्लुम्पके पक्षाघात म्हणून शिकवला जातो. मज्जाकेंद्रांच्या शरीररचनेवरील द्विखंडात्मक ग्रंथावर (१८९५, १९०१) लेखक म्हणून पती झ्यूल देजेरीन यांचे नाव असून ‘सहकार्य’ या शब्दाखाली क्लुम्पके यांचे आहे. आजच्या संपादकाने दोन्ही नावे एकाच ओळीत छापली असती. १९१४ मध्ये त्या पॅरिसच्या न्यूरॉलॉजी सोसायटीच्या पहिल्या स्त्री अध्यक्ष झाल्या. पहिल्या महायुद्धात त्यांनी मज्जारज्जूला इजा झालेल्या सैनिकांवर उपचार केले.

अमेरिका : लुईस आयझेनहार्ट (१८९१–१९६७) १९१५ मध्ये मेंदूशल्यविशारद हार्वी कुशिंग यांच्याकडे संपादन-साहाय्यक म्हणून लागल्या. पुढे टफ्ट्स येथून वैद्यकीय पदवी घेऊन (१९२५) त्या मेंदूतील गाठींच्या विकृतिशास्त्राच्या अधिकारी तज्ज्ञ झाल्या. कुशिंग यांच्याबरोबर त्यांनी मेनिंजिओमावरील (मेंदूच्या आवरणांतील गाठींवरील) ग्रंथ लिहिला (१९३८). गाठींच्या रुग्णांची पुढील हकीकत त्या चिकाटीने टिपत. शस्त्रक्रियेनंतर रुग्ण किती जगला, हे सांगणारी अशी नोंद त्या काळी दुर्मिळ होती. हार्वी कुशिंग सोसायटीचे अध्यक्षपद त्यांना १९३८ मध्ये मिळाले. पुढे हीच संस्था अमेरिकन असोसिएशन ऑफ न्यूरॉलॉजिकल सर्जन्स झाली. तिला दुसऱ्या स्त्री अध्यक्ष, शेली टिमन्स, लाभल्या त्या २०१८ मध्ये. ‘जर्नल ऑफ न्यूरोसर्जरी’च्या पहिल्या संपादक (१९४४–६५) आयझेनहार्टच होत्या. त्या शल्यविशारद नव्हत्या. अमेरिकन मंडळाचे न्यूरोसर्जरीचे प्रमाणपत्र मिळवणाऱ्या पहिल्या स्त्री रूथ केर जेकोबी (१९६१).

कॅनडा : ब्रेंडा मिल्नर, स्मृतीवरील संशोधन.

पहिली स्त्री न्यूरोसर्जन : याविषयी एकमत नाही. अमेरिकेतील डोरोथी क्लेंके, सोव्हिएत संघातील सेराफिमा ब्रुसोवा, ब्रिटनमधील डायना बेक आणि रुमानियातील सोफिया इओनेस्कू (१९२०–२००८) ही नावे पुढे केली जातात. इओनेस्कू यांनी दुसऱ्या महायुद्धात, बुखारेस्टवरील बाँबफेकीच्या काळात, विद्यार्थिदशेतच एका जखमी मुलाच्या मेंदूवर शस्त्रक्रिया केली. पहिली शस्त्रक्रिया धरावी, प्रशिक्षण धरावे की नेमणूक, यावर उत्तर बदलते. नेमणूक हा निकष लावल्यास बेक (१९००–५६) यांचे पारडे जड ठरते : ऑक्सफर्डला ह्यू केर्न्स यांच्या हाताखाली तयारी आणि १९४७ मध्ये लंडनच्या मिडलसेक्स रुग्णालयात न्यूरोसर्जन म्हणून नियुक्ती. मेंदूतील रक्तस्रावावरील शस्त्रक्रिया हा त्यांचा खास विषय. ‘विनी द पू’चे लेखक ए. ए. मिल्न यांच्यावर त्यांनी १९५२ मध्ये शस्त्रक्रिया केली. त्या लंडन स्कूल ऑफ मेडिसिन फॉर विमेनच्या विद्यार्थिनी.

भारत : टी. एस. कनका (१९३२–२०१८), मद्रास. आशियातील पहिल्या स्त्री न्यूरोसर्जनांपैकी एक. चीन युद्धाच्या काळात लष्करात कमिशन; एम. एस. १९६३, न्यूरोसर्जरीतील एम. सीएच. १९६८. बी. रामामूर्ती, व्ही. बालसुब्रमण्यम आणि एस. कल्याणरामन यांच्या मद्रास गटात त्यांनी स्टिरिओटॅक्टिक शस्त्रक्रियेचे काम केले. या पद्धतीत कवटीवर चौकट बसवून, तिच्या आधारे मोजमाप घेऊन, लहान छिद्रातून सुई मेंदूतील खोल बिंदूपर्यंत नेतात; कंपवातासारख्या विकारांत तिचा उपयोग होई. अनावर वर्तनाच्या रुग्णांवर गटाने केलेल्या शस्त्रक्रियांचे निबंधही कनका यांच्या सहलेखनाने प्रसिद्ध आहेत. या शस्त्रक्रियांच्या नैतिक बाजूची चर्चा येथे अभिप्रेत नाही. मेंदूत कायमस्वरूपी इलेक्ट्रोड बसवण्याचे भारतातील आरंभीचे काम (१९७५) त्यांच्या नावावर आहे. शंभराहून अधिक वेळा रक्तदान केल्याबद्दल लिम्का बुकमध्ये त्यांची नोंद झाली.

न्यूरॉलॉजीत एम. गौरीदेवी यांनी सहकाऱ्यांसह बंगळूरच्या निम्हान्स संस्थेत एकाच हाताचे किंवा पायाचे स्नायू झिजवणाऱ्या विकाराचे ‘मोनोमेलिक अमायोट्रॉफी’ या नावाने वर्णन केले (१९८४). पुढे त्या संस्थेच्या संचालक झाल्या. मुंबईत केईएम रुग्णालयाच्या न्यूरॉलॉजी विभागप्रमुख संगीता रावत नंतर तेथील अधिष्ठाता झाल्या.

संघटना : विमेन इन न्यूरोसर्जरी (अमेरिका, १९८९).