‘सीडॉ’ करार आणि भटेरीची साथिन

‘सीडॉ’ म्हणजे स्त्रियांविरुद्धचा सर्व प्रकारचा भेदभाव नाहीसा करण्यासाठीचा करार. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने तो १८ डिसेंबर १९७९ रोजी स्वीकारला. भारताने १९८० मध्ये सही केली, अनुसमर्थन मात्र १९९३ मध्ये. तेही व्यक्तिगत कायद्यांत त्या त्या समाजाच्या पुढाकाराविना हस्तक्षेप करणार नाही, अशी पुस्ती जोडून. ही पुस्ती आजही खटकते.

असे करार कागदावरच राहतात, हे म्हणणे मात्र पूर्ण खरे नाही. राजस्थानातील भटेरी गावच्या भंवरी देवी सरकारच्या महिला विकास कार्यक्रमात ‘साथिन’, म्हणजे गावपातळीवरील कार्यकर्त्या, होत्या. बालविवाह रोखण्याचे नेमून दिलेले काम त्यांनी केले आणि १९९२ मध्ये त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. त्यानंतर स्त्रीसंघटना ‘विशाखा’ या नावाने सर्वोच्च न्यायालयात गेल्या. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्ध देशात स्वतंत्र कायदाच नव्हता. १९९७ मध्ये सरन्यायाधीश जे. एस. वर्मा, न्या. सुजाता मनोहर आणि न्या. बी. एन. किरपाल यांच्या पीठाने ती पोकळी याच कराराच्या आधारे मार्गदर्शक तत्त्वे घालून देऊन भरली.

संसदेचा कायदा यायला २०१३ साल उजाडले.