सोडचिठ्ठीचा कागद आणि सीमेपलीकडचं कोर्ट

आपल्या मंडळाच्या पानांवर भोसल्यांचा काळ, लोधीखेड्याची तांब्या-पितळेची भांडी, छोट्या लाइनीची गाडी असे विषय येतात. लग्न मोडण्याचा इतिहास मात्र कुणी लिहीत नाही. तो घरातला विषय, आणि घरातलं चव्हाट्यावर आणू नये असं आपण म्हणतो. पण सौसर-पांढुर्णा पट्ट्यात या विषयाला कायद्याचा आणि सीमेचा असा दुहेरी इतिहास आहे. त्याचा त्रास आजही लोक भोगतात, म्हणून हा लेख.

सुरुवात शब्दांपासून करतो. ‘घटस्फोट’ हा आपल्याकडे नंतर आलेला, कोर्टाचा शब्द. म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी फारकत, सोडचिठ्ठी आणि काडीमोड हेच शब्द. फारकत म्हणजे मूळची फारखत किंवा फारखती. कर्ज फिटलं की सावकार लिहून द्यायचा तो मोकळिकीचा कागद. मोल्सवर्थच्या कोशात हा शब्द देण्याघेण्याच्या आणि नवराबायकोच्या, अशा दोन्ही मोकळिकींसाठी आहे. सोडचिठ्ठी हाही कागदच, नवऱ्यानं बायकोला लिहून दिलेला. काडीमोडीच्या नावात मात्र कागद नाही. काडी मोडली, नातं मोडलं, आणि साक्षीला पंच. हा कागद कोणी लिहायचा आणि तो कोणापुढे चालतो, याच प्रश्नावर पुढचा सगळा इतिहास उभा आहे.

पंचांचा काळ

रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांचा मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवरचा चार खंडी ग्रंथ १९१६ साली निघाला. त्यात जातीमागून जात वाचत गेलं की एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. शेती आणि कारागिरी करणाऱ्या बहुतेक जातींमध्ये पंचायतीपुढे लग्न मोडता येत होतं, आणि सोडलेल्या बाईला विधवेसारखाच पाट लावता येत होता. ज्यांना वरच्या जाती म्हणत, त्यांच्यातल्या बाईला मात्र ही वाट बंद होती. म्हणजे ‘आपल्या संस्कृतीत घटस्फोट नव्हताच’ हे वाक्य निम्म्याहून अधिक गावाला लागूच पडत नाही.

पण पंचायत म्हणजे न्यायच, असंही समजू नये. पंच सगळे पुरुष. दंड आणि जातीला जेवण दिल्याशिवाय गोष्ट मिटायची नाही. बाईच्या पोटगीचा विचार क्वचितच व्हायचा. मोकळीक मिळायची, आधार मिळायचा नाही.

इंग्रजी कोर्टांना ही पंचांची सत्ता मान्य नव्हती. १८७६ साली मुंबई हायकोर्टानं संभू रघू याच्या खटल्यात स्पष्ट सांगितलं की लग्न रद्द ठरवण्याचा किंवा बाईला दुसरं लग्न करायची परवानगी देण्याचा जातीचा अधिकार कोर्ट मानत नाही. जातीनं होकार दिला होता, असा प्रामाणिक समज असला तरी दुसऱ्या लग्नाचा गुन्हा त्यानं माफ होत नाही. आपला भाग मुंबईच्या नव्हे, नागपूरच्या ज्युडिशियल कमिशनरच्या हाताखाली होता. पण पंच आणि कोर्ट यांच्यातला पेच सगळीकडे हाच होता. गावात जे चालतं ते कोर्टात चालेलच, याचा भरवसा नाही.

१९४७ साली मुंबई प्रांतानं हिंदू घटस्फोटाचा कायदा केला, १९४९ साली मद्रासनं केला. मध्य प्रांत आणि वऱ्हाडानं स्वतःचा असा कायदा केला नाही. त्यामुळे आपल्याकडे १८ मे १९५५ रोजी हिंदू विवाह कायदा लागू होईपर्यंत जातीची रूढी हाच आधार होता.

एक पोटकलम

या कायद्यात कलम २९ चं दुसरं पोटकलम आहे. रूढीनं मिळणारा घटस्फोटाचा हक्क या कायद्यामुळे जात नाही, असं ते सांगते. गावात याचा सोपा अर्थ लावला गेला: सोडचिठ्ठी चालते. तो अर्थ अपुरा आहे. कायद्याच्या व्याख्येप्रमाणे रूढी म्हणजे दीर्घकाळ, सतत आणि एकसारखी पाळली गेलेली रीत, आणि ती ज्यानं सांगितली त्यानंच सिद्ध करायची. यमनाजी जाधव खटल्यात २००२ साली सुप्रीम कोर्टानं हेच सांगितलं. नुसता सोडचिठ्ठीचा लेख पुरेसा नाही. त्या समाजात तशी रूढी आहे हे दाव्यात मांडावं लागते आणि पुराव्यानं दाखवावं लागते.

आज लोक स्टँपपेपर आणतात, दोघांच्या सह्या घेतात, नोटरीचा शिक्का मारतात आणि मोकळे झालो म्हणतात. नोटरी सही खरी असल्याचं सांगते, लग्न मोडत नाही. पेच उघडा पडतो तो वीस-पंचवीस वर्षांनी. दुसरा नवरा नोकरीत असताना वारतो, पेन्शनचा अर्ज जातो, आणि कार्यालय पहिल्या लग्नाचा हुकूमनामा मागते. तो नसला तर दुसरं लग्नच रद्दबातल ठरू शकते. मुलांना कायदा औरस मानतो, त्यांच्या आईला मात्र बायको मानत नाही.

गोंड समाजाची गोष्ट वेगळी आहे. अनुसूचित जमातींना हा कायदा केंद्र सरकारनं अधिसूचना काढल्याशिवाय लागूच होत नाही. त्यांच्या लग्नाचा आणि फारकतीचा आधार आजही त्यांची रूढीच आहे.

सीमा आली

१ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले. छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला, आणि त्याच्यासोबत मराठी बोलणारा सौसर-पांढुर्ण्याचा पट्टाही. १९३६ पासून नागपुरात असलेलं हायकोर्ट जबलपूरला गेलं. ज्या अपिलासाठी लोधीखेड्याचा माणूस सकाळी निघून रात्री घरी यायचा, त्यासाठी आता सातपुडा ओलांडायचा. २०२३ मध्ये पांढुर्णा जिल्हा झाला, तरी हायकोर्ट जबलपूरलाच आहे.

सोयरिकी मात्र सीमेनं थांबल्या नाहीत. मुलगी सावनेर-काटोलची, सून नागपूरची, जावई सौसरचा, हे अजून चालूच आहे. सावनेर इथून जवळ, पण कोर्टाच्या हिशेबानं दुसरं राज्य. नागपुरातला लग्नाचा दावा आपल्याकडच्या कोर्टात हलवून घ्यायचा तर सुप्रीम कोर्टातच अर्ज करावा लागतो. भाषेचाही अडसर आहे. इथल्या कोर्टाचं काम हिंदीत, म्हणून आजोबांच्या हातची मराठी फारकत वाचायलाही भाषांतर जोडावं लागते.

लोक विचारतात ते प्रश्न

जुन्या कागदांची चौकशी करत फिरलो की लोक आजचेच प्रश्न विचारतात. मी वकील नाही, पण कायद्याच्या पुस्तकात जे स्पष्ट आहे ते लिहितो.

दावा कुठं लावायचा? लग्न जिथं झालं, दोघं शेवटचे एकत्र जिथं राहिले, किंवा समोरचा जिथं राहतो तिथं. २००३ पासून बायकोला ती स्वतः राहते तिथंही दावा लावता येतो. माहेरी परतलेल्या मुलीसाठी सीमेवर ही दुरुस्ती फार मोलाची आहे.

दोघंही राजी असतील तर? संमतीचा घटस्फोट १९७६ च्या दुरुस्तीनं आला. वर्षभर वेगळं राहिलेलं असावं, आणि अर्जानंतर सहा महिने थांबावं लागते. योग्य प्रकरणात कोर्ट ही सहा महिन्यांची अट सोडू शकते, असं सुप्रीम कोर्टानं २०१७ साली ठरवलं.

पोटगी कधीपासून? नागपूरच्या कुटुंब न्यायालयातून वर गेलेल्या एका प्रकरणात सुप्रीम कोर्टानं नोव्हेंबर २०२० मध्ये सांगितलं की ती अर्जाच्या तारखेपासून द्यावी, आणि दोघांनीही मिळकतीचं शपथपत्र भरावं. पंचांनी जे सोडलं होतं, ते इथं कागदावर आलं.

वकील कसा शोधायचा? वकिलांना जाहिरात करायची मनाई आहे, त्यामुळे विचारपूस हाच मार्ग. जो निकालावर फी ठरवतो किंवा निकालाची हमी देतो, त्याच्यापासून लांब राहावं. निकालावर फी ठरवणं नियमातच बसत नाही. नागपूरचा वकीलही इथं उभा राहू शकतो, पण प्रत्येक तारखेला तो येईल का, आणि हिंदीत काम करेल का, हे आधी विचारावं. रूढीचा मुद्दा असेल तर ‘रूढी सिद्ध कशी करणार?’ हा प्रश्न पहिल्याच भेटीत टाकावा. १९८७ च्या विधी सेवा कायद्यानं कोणत्याही बाईला, आणि अनुसूचित जाती-जमातीच्या कुणालाही, मिळकतीची अट न लावता फुकट वकील मिळतो. त्यासाठी १५१०० हा फोन नंबर आहे.

मंडळाच्या वाचकांना एक विनंती. घरातल्या पेट्या उघडता तेव्हा खरेदीखत, सातबारा जपून ठेवता आणि फारकतीचा कागद लाजेनं चुलीत घालता. तसं करू नका. १९२० ची एक, १९४० ची एक, १९६० ची एक, अशा एकाच समाजातल्या फारकती एकत्र ठेवल्या तर त्यातून रूढी दिसते, आणि कोर्ट मागते ती रूढीच. पंचांच्या वह्या, दंडाच्या पावत्या, साक्षीदारांचे अंगठे, सगळं कामाचं आहे. नावं झाकून त्यांची नोंद आपण करू शकतो. आणि आज ज्यांना वेगळं व्हायचं आहे त्यांनी कोर्टाचा हुकूमनामा घ्यावा. पंच उद्या नसतील, साक्षीदारही नसतील, पण पेन्शनच्या खिडकीवर उभ्या राहिलेल्या बाईच्या हातात तो कागद असायला हवा.