चार नावे, एक गाणे आणि काही मोकळ्या जागा

ओहायोत पीएच.डी. करीत असताना, २००४ च्या दिवाळीनंतरच्या एका शनिवारी, आम्ही चौघे विद्यार्थी एका मित्राच्या जुन्या टोयोटातून केंट या गावी गेलो होतो. त्याची मावसबहीण तिथल्या केंट स्टेट विद्यापीठात शिकत होती आणि तिने फराळाला बोलावले होते. देशातून नव्याने आलेल्या माणसाची अमेरिकेतली पहिली काळजी व्हिसाची, दुसरी पार्किंगची! तिने आम्हांला आधी विद्यापीठाचा परिसर दाखवायचे ठरवले होते. प्रेंटिस हॉलसमोरच्या भरलेल्या पार्किंगमध्ये मला एक जागा मोकळी दिसली आणि मी ओरडलो, "अरे, ती बघ!" जवळ गेलो तर त्या जागेच्या चारी बाजूंनी ठेंगणे दिव्यांचे खांब, जमिनीत दगडी चौकट आणि आत एक नाव. थोड्या अंतरावर अशीच दुसरी जागा. मग तिसरी. मग चौथी.

मावसबहिणीने सांगितले ते असे. ४ मे १९७० रोजी ओहायो नॅशनल गार्डच्या सैनिकांनी या आवारात १३ सेकंदांत ६७ गोळ्या झाडल्या. निक्सन यांनी व्हिएतनाम युद्ध कंबोडियात नेल्याची घोषणा चारच दिवस आधी केली होती आणि त्याच्या निषेधासाठी मुले जमली होती. चार विद्यार्थी मेले, नऊ जखमी झाले. मेलेल्यांपैकी दोघे तर निदर्शनांत नव्हतेच, एका तासाहून दुसऱ्या तासाला चालले होते. १९९९ साली विद्यापीठाने त्या चार जागा कायमच्या राखून ठेवल्या. तिथे गाडी लावत नाहीत.

सोमवारी लॅबमध्ये हे सांगितल्यावर माझ्या शेजारच्या टेबलावरच्या अमेरिकन सहकाऱ्याने काही न बोलता दुसऱ्या दिवशी एक सीडी आणून दिली. तिच्यात 'ओहायो' हे गाणे होते, जेमतेम तीन मिनिटांचे. गाणारे चौघे : डेव्हिड क्रॉसबी, स्टीव्हन स्टिल्स, ग्रॅहम नॅश आणि नील यंग. मी भीमसेन आणि बाबूजींवर वाढलेला. हे चौघे कोण, इथून माझी सुरुवात. गेली वीस वर्षे हा नाद सुटलेला नाही.

आधी एक खुलासा. इकडे ज्याला 'सुपरग्रुप' म्हणतात त्याची कल्पना आपल्याला नवी नाही. १९२१ साली बालगंधर्व आणि केशवराव भोसले टिळक स्वराज्य फंडासाठी 'संयुक्त मानापमान'मध्ये एका रंगमंचावर आले, त्यातलाच हा प्रकार. फरक एवढाच की ते दोघे आपापल्या नाटक मंडळीत परत गेले. या चौघांनी एकत्र बिऱ्हाड थाटले आणि मग पन्नास वर्षे भांडले.

क्रॉसबी लॉस एंजेलिसचा. त्याचे वडील फ्लॉइड क्रॉसबी हे ऑस्कर मिळवलेले छायाचित्रकार. हा 'द बर्ड्झ' या गाजलेल्या बँडमध्ये होता. १९६५ साली जॉर्ज हॅरिसनच्या कानावर पंडित रविशंकर घालणाऱ्यांत त्याचे नाव घेतले जाते, हे आपण लक्षात ठेवायला हरकत नाही. १९६७ साली बर्ड्झच्या सहकाऱ्यांनी त्याला घरी येऊन काढून टाकले. स्टिल्स टेक्सासचा आणि यंग कॅनडाचा. दोघे 'बफेलो स्प्रिंगफील्ड'मध्ये एकत्र होते आणि तिथेच त्यांचे गिटारवरून आणि अहंकारावरून जुंपायचे. १९६७ च्या मॉन्टरे महोत्सवाच्या तोंडावर यंग निघून गेला, तेव्हा त्याच्या जागी उभा राहिला तो क्रॉसबी! नॅश इंग्लंडमधल्या सॅलफर्डचा, 'द हॉलीज'मधला. त्याचे 'मराकेश एक्सप्रेस' हे गाणे हॉलीजना पसंत पडले नाही, म्हणून तोही तिथे कंटाळलेला. एकूण काय, चौघेही आधीच्या घरातून रागावून निघालेले किंवा काढलेले.

१९६८ च्या उन्हाळ्यात लॉस एंजेलिसच्या लॉरेल कॅनियन भागात एका घरी क्रॉसबी आणि स्टिल्स यांनी एक गाणे म्हटले. नॅशने ते पुन्हा म्हणायला लावले, मग आणखी एकदा, आणि तिसऱ्या वेळी त्यावर आपला वरचा स्वर ठेवला. तिघांनाही हसू फुटले म्हणतात, इतके ते जुळले. घर कोणाचे? नॅश आणि क्रॉसबी सांगत, जोनी मिचेलचे. स्टिल्स सांगतो, कॅस एलियटचे. ज्या बँडच्या जन्मस्थळावरच सभासदांचे एकमत नाही, त्याच्या पुढच्या इतिहासाबद्दल आश्चर्य वाटायला नको.

या स्वरमेळाबद्दल थोडे सांगायलाच हवे, कारण आपल्या कानांना तो उशिरा कळतो. आपल्याकडे कोरस म्हणजे सगळ्यांनी एकच चाल म्हणायची. इथे प्रत्येकाची ओळ निराळी. नॅशचा स्वर सर्वांत वर, तो लगेच ऐकू येतो. स्टिल्सचा खरखरीत स्वर गाण्याची चाल धरून ठेवतो. क्रॉसबी बहुधा मधे, आणि मधली ओळ अशी विचित्र असते की ती एकटी ऐकली तर चाल म्हणूनही ओळखू येऊ नये. ती चालू असताना तिच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. मला ती वेगळी ऐकू यायला तीन वर्षे लागली.

त्यांनी आपल्या बँडला नाव दिले नाही, आणि मला सगळ्या इतिहासाची किल्ली इथेच दिसते. बर्ड्झ आणि हॉलीज यांच्यात त्यांनी पाहिले होते की माणूस जातो आणि नाव मागे राहते. म्हणून यांनी आपापली आडनावेच पाटीवर लावली, मधे स्वल्पविराम. कोणाला काढून दुसरा आणता येऊ नये आणि कोणी केव्हाही स्वतंत्र काम करावे. माझ्या धंद्यात याला 'लूज कपलिंग' म्हणतात. प्रोग्रॅमचे भाग एकमेकांत फारसे गुंतवायचे नाहीत, म्हणजे एक भाग काढला तरी बाकीचे चालतात. उत्तम तत्त्व आहे. फक्त या रचनेत घर सांभाळण्याचे काम कोणाच्याच वाट्याला येत नाही.

(नावांच्या क्रमाचे म्हणाल तर आपणही त्यातले जाणकार. एका मंडळाच्या संगीत रजनीच्या पत्रकावर कोणाचे नाव आधी, यावरून त्या टोयोटावाल्या मित्राशी माझे बोलणे बंद झाले, त्याला आता नऊ वर्षे झाली. पत्रक मी तयार केले होते.)

करारांची अडचण सोडवली ती बेसबॉलच्या खेळाडूंसारखी : नॅश एपिक कंपनीकडून अटलांटिककडे आला आणि बदल्यात रिची फ्युरेचा 'पोको' हा बँड एपिककडे गेला. मे १९६९ मध्ये पहिली तबकडी आली. तिच्या वेष्टनावर तिघे एका पडक्या घरासमोर जुन्या सोफ्यावर बसले आहेत, पण क्रम आहे नॅश, स्टिल्स, क्रॉसबी. नावाचा क्रम नंतर ठरला, म्हणून ते पुन्हा फोटो काढायला गेले तर घर पाडून टाकलेले! तेव्हा चुकीच्या क्रमाचाच फोटो छापला.

या तबकडीवरची बहुतेक वाद्ये एकट्या स्टिल्सने वाजवली होती. रंगमंचावर ते कसे जमणार? अटलांटिकच्या अहमत एर्टेगन यांनी यंगचे नाव सुचवले. स्टिल्स आधी बिचकला, नॅशने तर आधी भेटूनच ठरवीन म्हटले आणि न्यूयॉर्कमध्ये न्याहारीला भेटून तो विरघळला. चौघांचा पहिला कार्यक्रम १६ ऑगस्ट १९६९ रोजी शिकागोला, आणि दुसरा थेट वुडस्टॉकला, १८ तारखेच्या पहाटे, लाखोंच्या समोर. यंगने स्वतःचे चित्रीकरण करू दिले नाही, म्हणून वुडस्टॉकच्या चित्रपटात तो दिसत नाही. तो आत असूनही थोडा बाहेरच होता.

मार्च १९७० मध्ये 'देजा व्हू' आली आणि पहिल्या क्रमांकावर गेली. ती बव्हंशी वेगवेगळी ध्वनिमुद्रित झालेली. क्रॉसबीची मैत्रीण सप्टेंबर १९६९ मध्ये मोटार अपघातात गेली होती आणि तो स्टुडिओत रडत बसे. जोनी मिचेल आणि नॅश वेगळे झाले होते. १९७० मध्ये ढोलकिया आणि बास वाजवणारा यांनाही काढले गेले. बँड जवळजवळ मोडला होता.

आणि नेमक्या त्या वेळी केंट स्टेट घडले. यंग उत्तर कॅलिफोर्नियात क्रॉसबीबरोबर होता. 'लाइफ' मासिकातली छायाचित्रे पाहून त्याने गाणे लिहिले. क्रॉसबीने नॅशला फोन करून स्टुडिओ ठरवायला सांगितले. २१ मे रोजी, म्हणजे गोळीबारानंतर सतराव्या दिवशी, हॉलिवूडच्या रेकॉर्ड प्लांटमध्ये चौघांनी एकत्र उभे राहून, प्रत्यक्ष गात-वाजवत ते ध्वनिमुद्रित केले. शेवटी गाणे विरत जाते तेव्हा क्रॉसबी ओरडताना ऐकू येतो, ते ठरवलेले नव्हते. काही रेडिओ केंद्रांनी ते वाजवायला नकार दिला, कारण त्यात निक्सन यांचे नाव घेतले होते.

यात एक बारीक गोष्ट आहे, ती मला सर्वांत मोठी वाटते. त्याच आठवड्यांत नॅशचे 'टीच युअर चिल्ड्रन' यादीत वर चढत होते. दुसरी तबकडी आणली की पहिली मागे पडणार, हे उघड होते. तरीही 'ओहायो' लगेच बाहेर काढा, असा आग्रह नॅशनेच धरला. त्याचे गाणे १६ व्या क्रमांकावर थांबले, 'ओहायो' १४ व्यापर्यंत गेले. ज्या चौघांनी आपापल्या नावांसाठी एवढी तटबंदी उभारली होती, त्यांतल्या एकाने आपले नाव बाजूला ठेवले.

९ जुलै १९७० ला मिनियापोलिसचा कार्यक्रम झाला आणि बँड फुटला. स्टिल्स आणि नॅश एकाच गायिकेच्या प्रेमात पडले, हे तात्कालिक कारण. नंतरच्या वर्षभरात चौघांच्या चार स्वतंत्र तबकड्या आल्या आणि चारही खपल्या. लूज कपलिंगचा याहून चांगला नमुना मला माहीत नाही!

पुढची चाळीस वर्षे भराभर सांगतो. १९७४ साली स्टेडियममधला मोठा दौरा. यंग बाकीच्यांपासून वेगळा प्रवास करी. १९७६ मध्ये चौघे मायामीत पुन्हा जमले, पण क्रॉसबी आणि नॅश आपले काम पुरे करायला लॉस एंजेलिसला जाताच उरलेल्या दोघांनी टेपवरून त्यांचे आवाज पुसून टाकले. त्याच उन्हाळ्यात यंग दौरा अर्धवट टाकून गेला आणि स्टिल्सला तार केली : अचानक सुरू झालेल्या गोष्टी तशाच संपतात, पीच खा. क्रॉसबी अमली पदार्थांत बुडाला आणि १९८६ साली टेक्सासच्या तुरुंगात होता. यंगने त्याला शब्द दिला होता, तू सुधारलास तर मी परत येईन. तो सुधारला आणि यंगने शब्द पाळला. १९८८ ची ती तबकडी मात्र सुमार आहे. २००६ मध्ये चौघे इराक युद्धाविरुद्ध गात फिरले, तेव्हा अटलांटात प्रेक्षक उठून गेले.

२०१४ मध्ये क्रॉसबी यंगच्या मैत्रिणीबद्दल मुलाखतीत वावगे बोलला. त्याने नंतर जाहीर माफी मागितली, तरी यंग परतला नाही. डिसेंबर २०१५ मध्ये वॉशिंग्टनच्या ख्रिसमस वृक्षासमोर उरलेल्या तिघांनी एक साधे नाताळगीत गायले आणि ते बेसूर झाले. मी ते पाहिले. ज्यांचे स्वर पहिल्या दिवशी तिसऱ्या फेरीत जुळले होते, ते एकमेकांकडे न बघता गात होते. त्यानंतर नॅशने जाहीर केले की आता पुन्हा नाही.

जानेवारी २०२२ मध्ये कोविडच्या अपप्रचारावरून यंगने स्पॉटिफायवरून आपली गाणी काढली, तेव्हा फेब्रुवारीत बाकी तिघांनी त्याच्या बाजूने संयुक्त पत्रक काढले. मी ते दोनदा वाचले, कारण खाली तिघांची नावे एकत्र होती.

१८ जानेवारी २०२३ ला क्रॉसबी गेला, वयाच्या ८१ व्या वर्षी. नॅशने नंतर सांगितले की क्रॉसबीने त्याच्यासाठी निरोप ठेवला होता, बोलायचे आहे, माफी मागायची आहे. दोघांनी फोनवर एकमेकांना बघत बोलायची वेळही ठरवली. ठरलेल्या वेळी नॅश वाट बघत बसला होता. फोन आला नाही.