हस्तलिखितातली घंटा

गेल्या जानेवारीत माझ्या जुन्या शाळेतून फोन आला. चित्रकलेच्या मॅडम म्हणाल्या, "सर, दहावीची मुलं यंदा निरोपाची स्मरणिका काढतायत. सजावटीला कोणती चित्रं घ्यावीत, जरा येऊन सांगाल का?" मी इतिहासाचा शिक्षक. पण त्यांना कपाटात १९८६ सालचं हस्तलिखित सापडलं होतं आणि त्यात 'सजावट प्रमुख' म्हणून माझं नाव होतं.

गेलो. मुलांनी मोबाइलवर चित्रं जमवूनच ठेवली होती. गोंडा लोंबणारी काळी चौकोनी टोपी, लाल फितीत बांधलेली गुंडाळी, हवेत उडवलेल्या टोप्या, फुगे. मी विचारलं, "निरोप समारंभाला ही टोपी कोण घालणार आहे?" सगळे हसले. कुणीच नाही. मग मी मॅडमना म्हटलं, ते कपाट आधी पूर्ण उघडू या.

कपाटात पंचवीसेक हस्तलिखितं निघाली. शाळेतल्या हस्तलिखितांची परंपरा आपल्याकडे जुनी. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिकवत असताना साने गुरुजी वसतिगृहातल्या मुलांसाठी हातानं लिहून दैनिक काढत, ही गोष्ट १९२०च्या दशकातली. पुढे गावोगावच्या शाळांनी वर्षाचा एक अंक हातानं काढायची प्रथा उचलली. कारण साधं होतं, पैसा. खिळे जुळवून मजकूर छापणं एक वेळ परवडे, पण प्रत्येक चित्रासाठी जस्ताचा वेगळा ब्लॉक करून घ्यावा लागे आणि रंगीत चित्र म्हटलं की प्रत्येक रंगाला वेगळा. त्यामुळे शाळेच्या छापील वार्षिकात चित्रं मोजकीच: इमारत, संस्थापक, फार तर सरस्वती. हस्तलिखितात मात्र चित्राला कागद आणि रंग यापलीकडे खर्च नव्हता. प्रत एकच निघायची, पण तिचं पान न् पान सजलेलं असायचं.

ही पानं क्रमानं उलटत गेलं की मुलं चित्रं कुठून उचलत होती ते कळतं. सुरुवातीच्या अंकांतल्या नायिका सरळ दिवाळी अंकांतून आलेल्या आहेत. दीनानाथ दलालांनी १९४५ मध्ये 'दीपावली' सुरू केला. त्यांच्या स्त्रिया आणि रघुवीर मुळगावकरांच्या देवदेवता मराठी घराघरांत होत्या. मुळगावकर स्प्रेनं रंग भरत. मुलांकडे स्प्रे कुठला? मग जुना टूथब्रश रंगात बुडवायचा, कंगव्यावर घासायचा आणि कापलेल्या पुठ्ठ्याभोवती तुषार उडवायचे. आमच्या काळापर्यंत हा प्रकार टिकून होता. शिवाय भेंडीचे ठसे, रंगात बुडवून ओढलेला दोरा, पाण्यावर ऑइलपेंट सोडून उचललेला मार्बल कागद.

दुसरा उगम एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षा. त्यात संकल्पचित्राचा एक पेपर असतो. दिलेल्या आकारात पानाफुलांची नक्षी रचायची आणि सपाट रंग भरायचे. हस्तलिखितांतल्या बहुतेक चौकटी याच सरावातून आल्यात. १९७५ मध्ये नव्या आकृतिबंधाची दहावीची पहिली परीक्षा झाली, तोवर शाळेचा शेवट अकरावीला व्हायचा. त्याआधीच्या आणि नंतरच्या निरोपाच्या पानांवर चित्रं मात्र तीच. समई, उघडं पुस्तक, मोरपीस, डोंगरामागचा सूर्य आणि उडणारे पक्षी.

आमचं १९८६चं हस्तलिखित याला अपवाद नाही. ते मी उघडलं ते थोडं धाकधुकीनंच.

आमच्या वर्गात शिपाईमामांची मुलगी होती. शाळेची घंटा म्हणजे रेल्वेच्या रुळाचा एक तुकडा, कडुनिंबाच्या फांदीला जाड तारेनं टांगलेला. मामा लोखंडी दांड्यानं तो वाजवत. सजावटीसाठी चित्रं मागवली तेव्हा तिनं तो रूळ काढून आणला, पेन्सिलीनं, झाडाच्या फांदीसकट. चित्र वाईट नव्हतं. पण मला वाटलं, निरोपाच्या अंकात लोखंडाचा तुकडा कसला? मी ते परत केलं आणि त्या पानावर समई काढली. पिवळ्या ज्योतीभोवती टूथब्रशचे तुषार. सरांनी पाठ थोपटली. ती काही बोलली नाही. दहावीनंतर तिचं शिक्षण थांबलं, एवढंच पुढे कानावर आलं.

समई अजून तशीच आहे, रंगही उडालेला नाही. आज इतिहासाचा माणूस म्हणून ते पान बघतो तेव्हा त्यातून मला काहीच कळत नाही. अशी समई त्या कपाटातल्या निम्म्या अंकांत आहे. रुळाचा तुकडा एकाही अंकात नाही. वर्गाच्या फोटोत शिपाईमामाही नाहीत. फोटो काढला त्या वेळी ते घंटेपाशी असणार. पुढे विजेची घंटा आली, रूळ भंगारात गेला, रस्ता रुंद करताना कडुनिंबही गेला.

नव्वदच्या दशकानंतर गावोगाव डीटीपीची दुकानं झाली आणि हस्तलिखिताची जागा छापील स्मरणिकेनं घेतली. ब्लॉकचा खर्च संपला. चित्र क्लिप आर्टच्या सीडीतून फुकट मिळू लागलं. ती गोंड्याची टोपी तिथूनच आली. मूळची ती इंग्लंडमधल्या विद्यापीठांची. अमेरिकेत ती शाळा संपवणारी मुलंही घालतात, म्हणून तिकडच्या चित्रसंग्रहांत ती 'शाळा संपली' याची खूण झाली. आपल्याकडे डोक्यावर काय असावं हा प्रश्न वाटतो तेवढा किरकोळ नाही. २०१९च्या जानेवारीत सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या पदवीप्रदान समारंभात पुणेरी पगडीऐवजी फुले पगडी हवी म्हणून विद्यार्थ्यांनी निदर्शनं केली. आपल्या समारंभाच्या चित्रात आपण कुणाचे म्हणून उभे आहोत, हेच ते विचारत होते.

वारलीचंही असंच. लग्नघरात भिंतीवर तांदळाच्या पिठानं चौक लिहिणं हे वारली सुवासिनींचं काम. जिव्या सोमा मशे यांच्यासारख्या चित्रकारांमुळे १९७०च्या दशकापासून ही चित्रं कागदावर आली आणि जगभर गेली. आता स्मरणिकेच्या प्रत्येक पानाखाली त्याच तारपा नृत्याची तीच ओळ चिकटवलेली असते, सुविचाराखालीही आणि जाहिरातीखालीही.

मुलांना मी हे सगळं एवढ्या विस्तारानं सांगितलं नाही. फळ्यावर एकच शब्द लिहिला: स्मरणचित्र. ग्रेडच्या परीक्षेतला हा दुसरा पेपर. समोर काही न ठेवता आठवणीतून काढायचं. म्हटलं, स्मरणिका आहे, तर चित्रंही तशीच काढा. घरापासून शाळेपर्यंतच्या रस्त्याचा नकाशा काढा, त्यातला कुत्रा आणि वडापावची गाडीही येऊ द्या. बाकावर कर्कटकानं कोरलेली नावं कागद ठेवून पेन्सिलीनं घासून घ्या, चौकट तयार होईल. प्रत्येक सरांचं फळ्यावरचं अक्षर शीर्षकांसाठी वापरा. एसटीचा पास, सायकल स्टँड, प्रयोगशाळेतली फुटक्या तोटीची बादली. आणि जे पुढच्या पाच वर्षांत इथून जाईल असं वाटतं, ते सगळ्यात आधी काढा. कुणाचं चित्र चांगलं नाही म्हणून परत करू नका, हेही सांगितलं.

मागच्या बाकावरच्या एकानं विचारलं, "सर, पण टोपी एका पानावर तरी ठेवू ना?" ठेवा म्हटलं. तीही यंदाचीच खूण आहे.

निघताना मॅडमनी खडू पुढे केला. मुलांना रुळाची घंटा बघायची होती. मी फळ्यावर फांदी काढली, तार काढली, खाली रूळ काढला. मग थांबलो. तार ज्या भोकातून ओवली होती, ती भोकं दोन होती की तीन? आणि रूळ आडवा टांगला होता की उभा? दहा वर्षं मी रोज ती घंटा ऐकली. मला आठवेना.

तिला ते ठाऊक होतं. तिनं काढून आणलं होतं.