तिसऱ्या वर्गाने गोकर्णाला

मराठी प्रवासवर्णनाचा अभ्यास करताना तीर्थयात्रेला आपण बहुधा उंबऱ्याबाहेर उभे करतो. यात्रेकरू पुण्य जोडायला जातो आणि प्रवासी जग पाहायला जातो, अशी हेतूवर आधारलेली विभागणी वर्गात शिकवली जाते. आम्हांला ती फारशी उपयोगाची वाटत नाही. हेतूऐवजी खर्च पाहावा. माणूस किती पैशांत, कोणत्या बाकावर बसून आणि पाठीवर काय घेऊन गेला, असे विचारले की चित्र निराळे दिसू लागते. पुणे ते गोकर्ण ही वाट त्यासाठी सोयीची आहे.

मराठी घरांत गोकर्ण पोचले ते मुख्यतः गुरुचरित्रातून. रघुवंशाच्या आठव्या सर्गात नारद दक्षिण समुद्राकाठच्या गोकर्णाकडे निघालेले दिसतात हे खरे, पण सरस्वती गंगाधरांच्या ग्रंथातले सहावा आणि सातवा हे अध्याय पारायणांमुळे ज्यांनी कालिदास कधी उघडला नाही त्यांच्याही कानांवरून गेले. रावणाला आत्मलिंग मिळते ते वाटेत जमिनीवर न ठेवण्याच्या अटीवर. संध्येची वेळ होते आणि बटुरूपातला गणपती डाव साधतो. ओझे खाली ठेवता न येणाऱ्या वाटसरूची ही कथा आहे, असे म्हटले तर सप्ताहाला बसणारे रागावणार नाहीत अशी आशा आहे. पुढे १६६५ साली बसरूरच्या मोहिमेवरून परतताना शिवाजी महाराजही गोकर्णास जाऊन आले.

पण राजाचा प्रवास आणि भिक्षुकाचा प्रवास यांत अंतर असते. भिक्षुकाच्या प्रवासाचा आपल्याकडचा सर्वांत बोलका दस्तऐवज म्हणजे वरसईच्या विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’. तो गोकर्णाचा नव्हे, उत्तर हिंदुस्थानचा. १८५७च्या धामधुमीत सापडलेल्या या गृहस्थाने घर सोडले होते ते घरचे कर्ज फिटावे, यज्ञातली दक्षिणा मिळावी म्हणून; जमल्यास गंगास्नानही घडावे. पुस्तक १९०७ साली चिंतामणराव वैद्यांनी आपल्या हाताने संस्कारून छापले आणि मूळ पाठ दत्तो वामन पोतदारांनी १९६६ साली पुढे आणला. गोडसे भटजी यात्रेकरू की प्रवासी, हा प्रश्न या पुस्तकापुढे निरर्थक ठरतो. ते कमी पैशांत हिंडणारे होते. बाकी सगळे त्यात मिसळलेले आहे.

गोडसे उत्तरेत अडकले होते तेव्हाच पुण्यात आगगाडी येत होती. खंडाळा ते पुणे मार्ग १४ जून १८५८ रोजी सुरू झाला. बोरघाटातला रूळ मात्र १८६३पर्यंत तयार नव्हता, तोवर घाटाचा टप्पा पालखीने, तट्टावरून किंवा पायीच पार पडे. १८८०च्या दशकाच्या अखेरीस मुरगाव ते कॅसलरॉक रेल्वे झाली आणि गोव्यापर्यंत रूळ पोचले. गोकर्ण तरीही दूरच राहिले. मध्ये काळी आणि गंगावळी या नद्या, त्यामुळे आगबोट, पडाव आणि बैलगाडी यांवाचून गत्यंतर नव्हते.

या रेल्वेतल्या स्वस्त प्रवाशाचे काय होत होते, हे गांधीजींनी १९१७ साली तिसऱ्या वर्गावर लिहिलेल्या निबंधात सापडते. मुंबईहून मद्रासला जाताना त्यांचा डबा बावीस जणांचा होता. पुण्यापर्यंत आकडा वाढला नाही, कारण आतले धट्टेकट्टे लोक बाहेरच्यांना शिरू देत नव्हते. रायचूरनंतर मात्र गर्दी असह्य झाली. निबंध राजकीय म्हणून वाचला जातो. आमच्या मते तो उत्तम प्रवासवर्णनही आहे, आणि खिडकीबाहेरचे एकही दृश्य न रंगवता तो तसा आहे, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात घ्यावे.

तिसरा वर्ग १९७४ साली संपला, म्हणजे त्याला दुसरा म्हणू लागले. लाकडी बाके तशीच होती. ती बदलली मधु दंडवते यांनी. १९७७ ते १९७९ या काळात रेल्वेमंत्री असताना त्यांनी दुसऱ्या वर्गाच्या शयनिकांवर दोन इंच फोमची गादी आणली. पहिल्या वर्गाचा दर्जा उतरवायचा नाही, दुसऱ्याचा वाढवायचा, अशी त्यांची भूमिका होती. हेच दंडवते राजापूरचे खासदार आणि कोकण रेल्वेचे जुने पुरस्कर्ते. ते अर्थमंत्री व जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री असताना १९९०च्या जुलैत कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले, आणि १९९८ साली संपूर्ण मार्ग राष्ट्राला अर्पण करण्यात आला. दोन इंचांची गादी आणि गोकर्णरोड नावाचे स्थानक, स्वस्त प्रवाशाच्या या दोन्ही सोयींशी एकाच माणसाचे नाव जोडलेले आहे. वाङ्मयेतिहासात त्यांना जागा नाही. असावी, असे आम्हांस वाटते.

आज पुण्याहून गाडीने जायला दोन वाटा आहेत: बोरघाट उतरून पनवेलमार्गे, किंवा मिरज-लोंढा करून दूधसागरच्या घाटाने मडगाव. शयनयान डब्यात एका बाकावर कोटितीर्थाच्या स्नानाला निघालेले आजी-आजोबा असतात, समोर कुडले किंवा ओम किनाऱ्याकडे निघालेली, पाठीवर सॅक घेतलेली महाविद्यालयीन मुले. स्थानकापासून गाव सुमारे १० किलोमीटर. रिक्षाचे भाडे वाटून घ्यायला दोघेही तयार असतात. मुले फिरून आल्यावर महाजालावर लिहितात, तेही बहुधा खर्चाच्या आकड्यांसकट. आजी-आजोबांच्या आधीच्या पिढ्यांचे लेखन असलेच तर जमाखर्चाच्या वह्यांत असेल: तिकीट, हमाली, नाव, दक्षिणा, नारळ, परतीचे भाडे. असल्या वह्यांना आपण साहित्य म्हणत नाही आणि इतिहासवालेही क्वचितच विचारतात. पुण्याच्या पेठांतले वाडे एकामागून एक पाडले जात आहेत, आणि माळ्यावरचे कागद रद्दीत जातात. प्रवासवर्णनावर प्रबंध लिहू पाहणाऱ्यांनी ग्रंथालयात जाण्याआधी ते माळे पाहावेत.