ओळीमागें किती सेंट? घरबसल्या लेखनाच्या मजुरीची हकीकत

अमेरिकेंतील एखाद्या इस्पितळांत डॉक्टर रोग्याला तपासून बाहेर येतो आणि यंत्रापुढें उभा राहून दोन-तीन मिनिटें बोलतो : रोग्याची तक्रार काय, नाडी कशी, पोटाला हात लावतां काय आढळलें, औषध कोणतें दिलें. हें बोलणें लेखी उतरल्यावांचून त्या देशांत ना पुढचा उपचार नीट चालतो, ना विमा कंपनी बिलाचे पैसे देते. तें उतरवून काढणारी व्यक्ति मात्र बहुधा इस्पितळांत नसते. ती दूर कोठें तरी आपल्या घरीं, कानाला हेडफोन लावून, पायाखालच्या पेडलनें आवाज थांबवीत व मागें नेत, एकेक शब्द टाइप करीत असते. ह्या कामाला मेडिकल ट्रान्स्क्रिप्शन म्हणतात, आणि तें मुख्यतः स्त्रियांनींच केलें आहे. ह्या बाईला मजुरी कशी मिळते, त्या मजुरीवरील कर कोण भरतो, आणि कायद्याच्या दृष्टीनें ती कोण, नोकर कीं व्यापारी, ह्या तीन प्रश्नांची हकीकत मी आज श्रोत्यांस सांगणार आहें. प्रश्न वरवर वेगळे दिसतात. परंतु तिसऱ्याचें उत्तर मिळाल्यावांचून पहिल्या दोहोंचें मिळत नाहीं.

मजुरी बहुधा तासावर नसते, ओळीवर असते. ही ओळ म्हणजे कागदावर डोळ्यांना दिसणारी ओळ नव्हे. ६५ अक्षरांचें तें एक माप आहे. आतां दोन शब्दांमधील मोकळी जागा अक्षर धरावी कीं नाहीं? अक्षर ठळक करण्यासाठीं दाबलेल्या कळीचें काय? ह्या धंद्यांतील संस्थांनीं १९९० नंतरच्या दशकांत मिळून एक व्याख्या केली; परंतु तिच्याप्रमाणें दोन माणसांनीं एकच मजकूर मोजला तर उत्तर एकच येईल अशी खात्री देतां येईना, आणि शेवटीं ती सोडून द्यावी लागली. सरकारी ग्राहकांच्या बिलांत ओळी फुगवून दाखविल्याच्या आरोपावरून एका मोठ्या कंपनीनें २००८ सालीं अमेरिकन सरकारशीं ६६ लक्ष डॉलरची तडजोड केली. गज आंखूड ठेवून कापड विकण्याची कला सर्व देशांत जुनी आहे. येथें गज अदृश्य होता, एवढाच काय तो फरक.

दुसरी गोष्ट अशी कीं, ओळ श्रम मोजत नाहीं. समजा, ओळीमागें ८ सेंट दर आहे. डॉक्टर स्पष्ट बोलणारा असेल व तासांत १५० ओळी झाल्या, तर १२ डॉलर होतात. तोच डॉक्टर घास तोंडांत ठेवून बोलूं लागला, किंवा औषधाचें नांव चार वेळां ऐकूनहि कळेना, आणि तासांत ८० च ओळी झाल्या, तर ६ डॉलर ४० सेंट होतात. अमेरिकेंत मध्यवर्ती सरकारचें किमान वेतन २००९ पासून ताशीं ७ डॉलर २५ सेंट आहे. उणे पडलेले ८५ सेंट कोणीं भरून द्यावे? ती नोकर असेल तर मालकानें. स्वतंत्र कंत्राटदार असेल तर कोणींच नाहीं. इतकें त्या एका शब्दावर अवलंबून आहे.

हा शब्दाचा वाद टाइपरायटरनें सुरू केला नाहीं. त्याचें मूळ तंबाखूंत आहे. न्यूयॉर्क शहरांतील चाळींत गेल्या शतकापूर्वींच्या शतकांत हजारों कुटुंबें राहत्या खोलींतच सिगार वळीत. अंथरुणाशेजारीं तंबाखूचा ढीग, त्यांतच मुलें, त्यांतच स्वयंपाक. सिगार कामगारांचा पुढारी सॅम्युएल गॉम्पर्स ह्यानें थिओडोर रूझवेल्ट नांवाच्या एका तरुण आमदाराला ह्या खोल्या हिंडून दाखविल्या, आणि बंदीच्या विधेयकाकडे आरंभीं साशंक दृष्टीनें पाहणारा रूझवेल्ट त्याचा पुरस्कर्ता बनला. १८८४ सालीं बंदीचा कायदा झाला. परंतु १८८५ सालीं राज्याच्या वरिष्ठ न्यायालयानें जेकब्स खटल्यांत तो रद्द केला. आपल्या घरांत आपला धंदा करण्याचें माणसाचें स्वातंत्र्य सरकारनें हिरावून घेऊं नये, असा न्यायालयाचा आशय होता. युक्तिवाद भारदस्त होता. ज्याच्या स्वातंत्र्याचा हा गौरव झाला त्याला तंबाखू दुसऱ्यानें दिलेली, भाव दुसऱ्यानें ठरविलेला आणि तयार माल दुसऱ्याचा, ही गोष्ट मात्र त्या गौरवांत झांकली गेली.

पुढें १९३८ सालीं ‘फेअर लेबर स्टँडर्ड्‌स ॲक्ट’ हा कायदा झाला. त्यानें ताशीं २५ सेंट किमान वेतन ठरविलें व ४४ तासांच्या आठवड्यापलीकडील कामाला दीडपट मजुरी लावली. मजुरी नगावर असली तरी तासांचा हिशेब करून किमान वेतन भरलेंच पाहिजे, हें त्यांतील महत्त्वाचें. पण घरीं कोण किती वेळ बसलें हें कारकुनानें कसें पाहावें? म्हणून १९४० नंतर सरकारनें सात धंद्यांत घरकामावरच कडक निर्बंध घातले : स्त्रियांचे कपडे, विणलेले लोकरी कपडे, हातमोजे, बटनें, हातरुमाल, कशिदा आणि दागिने. टाइप करण्याचें काम ह्या यादींत नव्हतें. तें घरीं करण्यास मोकळीक राहिली. मात्र करणारी नोकर ठरली तरच किमान वेतनाचें छत्र तिच्यावर येणार होतें.

मग नोकर ओळखावा कसा? १९४७ सालीं कॅन्सासमधील टोपीका गांवच्या एका कोळसा-वखारीचा खटला सर्वोच्च न्यायालयापुढें आला. तेथें मजूर स्वतःचीं फावडीं व कुदळी घेऊन येत, वाटेल तेव्हां येत, आणि टनामागें पैसे घेऊन वाघिणी रिकाम्या करीत. मालक म्हणाला, हे स्वतंत्र धंदेवाले. न्यायालयानें म्हटलें, स्वतःचें फावडें असल्यानें माणूस व्यापारी होत नाहीं. त्याच्यापाशीं नफा-तोट्याचा धंदा आहे कीं केवळ दोन हात, हें पाहा. स्वतःच्या पैशानें संगणक व पेडल विकत घेऊन बसणाऱ्या लेखनिकेला हा निकाल फार जवळचा आहे. पण कायदेमंडळाला ही दृष्टि इतकी उदार वाटली कीं, अध्यक्ष ट्रूमन ह्यांचा नकाराधिकार बाजूस सारून १९४८ सालीं त्यानें सामाजिक विम्यापुरती जुनी अरुंद व्याख्या परत आणली. लगेच १९५० सालीं त्याच कायदेमंडळानें उलट पाऊल टाकलें : दुसऱ्याचा माल घरीं नेऊन, त्याच्या सूचनेबरहुकूम काम करून परत देणाऱ्यांना सामाजिक विम्यापुरतें नोकर मानावें, असें कलम घातलें. म्हणजे एकच बाई एका कायद्यानें नोकर आणि दुसऱ्यानें परकी असूं शकते.

१९६१ सालचा मेन राज्यांतील खटला ह्या सर्वांत मला अधिक बोलका वाटतो. विणकाम व भरतकाम करणाऱ्या स्त्रियांची तेथें एक सहकारी संस्था स्थापन झाली. प्रत्येक बाई सभासद. मग मालक कोण आणि नोकर कोण? न्यायमूर्ति डग्लस ह्यांनीं नांवाकडे न पाहतां व्यवहाराकडे पाहिलें. दर संस्था ठरवी, माल संस्था विकी, आणि काम हलकें झालें तर सभासदाला काढून टाकण्याचा अधिकार संस्थेपाशीं होता. सभासद त्या नोकरच होत्या, असा निकाल झाला.

योगायोग असा कीं, त्याच सुमारास आपल्या सर्वोच्च न्यायालयापुढें नागपूरच्या एका विडी-कारखान्याचा खटला होता. कामगार वाटेल तेव्हां येत, वाटेल तेवढ्या विड्या वळीत, मजुरी विड्यांच्या संख्येवर. ते कामगार खरे काय? न्यायालयानें म्हटलें, होय. वाईट विडी नाकारण्याचा मालकाचा अधिकार हीसुद्धां एक प्रकारची देखरेखच आहे. मात्र त्यानंतर लवकरच महाराष्ट्रांतीलच दुसऱ्या एका विडी-खटल्यांत बहुमताचा निकाल नेमका उलटा लागला. तेव्हां कोर्टाच्या तराजूवर भरंवसा न ठेवतां १९६६ च्या विडी-सिगार कामगार कायद्यानें, कच्चा माल घरीं नेऊन विड्या वळणाऱ्यांचा समावेश कामगारांच्या व्याख्येंतच केला. सोलापूर-सिन्नरकडे ज्यांनीं उंबऱ्यांत सूप घेऊन बसलेल्या बाया पाहिल्या आहेत, त्यांना ह्या व्याख्येचें मोल सांगावयास नको. नाकारण्याचा हा अधिकार लेखनाच्या धंद्यांतहि आहे. शंभरांत ९८ गुण बिनचूकपणास पाहिजेत, कमी पडल्यास दर कापूं किंवा काम बंद करूं, अशा अटी कंपन्या घालतात. त्याच कंपन्या कराराच्या पहिल्या कलमांत लेखनिकेला स्वतंत्र कंत्राटदार म्हणतात.

करांची बाजू थोडी रुक्ष आहे, पण खरा घाव तेथें बसतो. सामाजिक विम्याचा कर १९३७ पासून नोकराच्या पगारावर १ टक्का नोकरानें व १ टक्का मालकानें असा सुरू झाला. १९५१ पासून स्वतंत्र धंदेवाल्यांनाहि त्यांत घेतलें. तेव्हां नोकर व मालक प्रत्येकीं दीड टक्का देत, आणि धंदेवाल्याला दोघांची बेरीज न लावतां सव्वादोन टक्केच लावले. ही सवलत १९८३ सालच्या कायद्यानें संपविली, आणि १९९० पासून दोन्ही वांटे मिळून १५.३ टक्के त्याच्याच माथीं आहेत. वर्षाकाठीं खर्च वजा जातां २०,००० डॉलर मिळविणारी लेखनिका नोकर असेल तर ह्या करापोटीं १,५३० डॉलर देते. कंत्राटदार असेल तर सुमारें २,८२६. प्राप्तीवरील कर वेगळा, आणि तो तिला वर्षांतून चार हप्त्यांनीं आपला आपण अंदाजून भरावा लागतो. ह्याबदल्यांत तिला संगणक, शब्दकोश, विजेचा भाग हे खर्च वजा घालतां येतात, आणि केवळ धंद्याला दिलेल्या खोलीबद्दल चौरस फुटास ५ डॉलर, फार तर ३०० चौरस फुटांपर्यंत. घरीं बसणाऱ्या नोकराला २०१८ पासून असा खर्च मध्यवर्ती करांत वजा मिळत नाहीं. म्हणून कांहीं स्त्रिया स्वतःहूनच कंत्राट पसंत करतात, आणि त्यांचा हिशेब नेहमीं चुकीचा असतो असें नाहीं. पण आजारपणाची रजा, बेकारीचा भत्ता, मालकाकडून आरोग्यविमा ह्यांची किंमत त्या वजावटींत कोठें दिसत नाहीं.

इस्पितळांतील टंकलेखिकांनीं १९७८ सालीं कॅलिफोर्नियांतील मॉडेस्टो येथें आपली राष्ट्रीय संस्था काढली. त्याच वर्षीं करकायद्यांत एक तात्पुरतें म्हणून घातलेलें कलम आलें : मालकानें कांहीं रास्त आधारावर माणसाला सातत्यानें कंत्राटदार मानलें असेल, तर मागाहून त्याच्यावर नोकर-कर लादूं नये. तें तात्पुरतें कलम अजून टिकून आहे. पुढें घरोघर संगणक आल्यावर कामगार संघांचा मध्यवर्ती महासंघ १९८३ सालीं संगणकावरील घरकामावर बंदीच मागूं लागला; तर सरकार उलट दिशेला निघालें होतें आणि विणकामावरील जुनी बंदी १९८४ सालीं उठली. १९८५ सालीं सॅक्रॅमेंटोच्या आठ स्त्रियांनीं एका विमा कंपनीवर दावा लावला : आम्ही घरीं बसून तुमचे कागद तपासतों, तुमचेच नियम पाळतों, आणि नांव मात्र कंत्राटदार. बंदी मागणाऱ्यांचें निदान बरोबर होतें, औषध चुकीचें होतें, असें मला वाटतें; कारण लहान मूल किंवा अंथरुणाला खिळलेली सासू घरीं असलेल्या बाईला घरचें काम काढून घेऊन काय द्यावयाचें, ह्याचें उत्तर त्यांच्यापाशीं नव्हतें.

१९९० नंतर हें काम तारांवरून समुद्र ओलांडून आलें. बंगळूर, हैदराबाद, मुंबई, पुणें येथें कचेऱ्या निघाल्या; तिकडची रात्र ती आपली सकाळ, आणि डॉक्टर झोपेंतून उठेपर्यंत कागद तयार. शिकवणी-वर्गांच्या जाहिरातींनीं कित्येक पदवीधरांस अमेरिकन उच्चारांच्या नादीं लावलें. ह्या सांखळीचें टोंक २००३ च्या ऑक्टोबरांत जगाला दिसलें. सॅन फ्रान्सिस्कोच्या विद्यापीठ-इस्पितळाचें काम कॅलिफोर्नियांतील कंपनीकडून फ्लॉरिडांत, तेथून टेक्ससमध्यें व तेथून कराचीच्या एका स्त्रीकडे गेलें होतें. तिची मजुरी थकली. तिनें इस्पितळालाच लिहिलें कीं, पैसे मिळाले नाहींत तर रोग्यांचीं टिपणें जगजाहीर करीन. गहजब झाला तो रोग्यांच्या गुप्ततेचा, आणि तो योग्यच होता. पण एका ओळीचा पैसा किती हातांतून गळत गेला, व थकल्या मजुरीसाठीं तिनें कोणत्या देशाच्या कोणत्या न्यायालयांत जावें, हें विचारणारे थोडे निघाले. घरकाम करणाऱ्यांना इतर मजुरांच्या बरोबरीनें वागवावें, असा आंतरराष्ट्रीय ठराव जिनीव्हांत १९९६ सालींच झाला होता. भारतानें त्यास मान्यता दिलेली नाहीं, अमेरिकेनेंहि नाहीं.

त्यानंतर यंत्रच ऐकूं लागलें. डॉक्टरचा आवाज यंत्र लिहून काढतें आणि बाई तो तपासते. तपासण्याचा दर ओळीमागें बहुधा निम्म्याच्या आसपास आला. पण चुकलेलें औषध शोधण्यासाठीं सबंध ध्वनि ऐकावाच लागतो, त्यामुळें वेळ त्या मानानें निम्मा झाला नाहीं. कामाची रांग रिकामी असतां ती जो वेळ यंत्रापुढें बसून काढते, त्याची तर ओळच होत नाहीं. मालकाच्या हुकमतीखालीं वाट पाहणें हेंसुद्धां काम असूं शकतें, असें सर्वोच्च न्यायालयानें आग विझविणाऱ्या कामगारांच्या खटल्यांत १९४४ सालीं सांगितलें आहे; पण तो न्याय नोकरांपुरता.

कॅलिफोर्नियानें २०२० च्या १ जानेवारीपासून ओझें उलट्या खांद्यावर दिलें : काम करणारा नोकरच आहे असें धरून चालावें, आणि तो कंत्राटदार आहे हें कंपनीनें सिद्ध करावें, त्यांत काम कंपनीच्या नेहमींच्या धंद्याबाहेरचें असल्याचेंहि दाखवावें लागतें. लेखनाचाच धंदा करणाऱ्या कंपनीला लेखन हें धंद्याबाहेरचें आहे असें म्हणतां येणें कठीण. मध्यवर्ती सरकारनेंहि २०२४ सालीं नोकराची व्याख्या रुंद करणारा नियम केला, आणि २०२५ सालीं आपल्या तपासण्यांत तो लावणें थांबविलें. कंत्राटदार लेखनिकेच्या घरीं मात्र दरवर्षीं जानेवारी संपतांना कंपनीचा एक कागद येतो. त्यावर वर्षाच्या कमाईचा एकच आंकडा असतो, आणि कापलेल्या कराची चौकट रिकामी असते.