जाहिरातलेखनपूर्व बाजार संशोधन

जाहिरातलेखनपूर्व बाजार संशोधन म्हणजे एखाद्या वस्तूच्या किंवा सेवेच्या विक्रीसाठी मजकूर लिहिण्याआधी तिचा संभाव्य ग्राहक, त्याची गरज, शंका, बोलण्याची भाषा, खर्चाची ऐपत आणि उपलब्ध पर्याय यांची केलेली पद्धतशीर चौकशी होय. बाजार संशोधनाच्या व्यापक शास्त्राचा हा एक उपयोजित भाग आहे. किती माल खपेल याचा अंदाज बांधणे हा त्याचा मुख्य हेतू नसतो. कोणास, कोणत्या शब्दांत आणि कोणत्या शंकेचे उत्तर म्हणून काय सांगावे, हे ठरविणे हा असतो. पत्रक, वेष्टनावरील मजकूर, वृत्तपत्रीय जाहिरात, दुकानाची पाटी, आकाशवाणीवरील निवेदन किंवा भ्रमणध्वनीवरील संदेश अशा सर्व प्रकारच्या विक्रीलेखनास हे संशोधन लागू पडते.

स्वरूप

वस्तू तयार करणाऱ्याला तिचे गुण ठाऊक असतात. परंतु ती विकत घेणाऱ्याच्या मनातील अडचण त्याला ठाऊक असतेच असे नाही. या दोहोंतील अंतर मोजणे हे या संशोधनाचे मूळ काम आहे. उदाहरणार्थ, थालीपिठाची भाजणी विकणारा महिला बचत गट आपल्या पत्रकात ‘घरगुती चव’ या गुणावर भर देतो. ग्राहकाचा पहिला प्रश्न मात्र ‘किती दिवस टिकते’, ‘खवट तर होत नाही ना’ असा असू शकतो. तसे असेल तर पत्रकाच्या हजार प्रती छापूनही त्या प्रश्नाचे उत्तर कोणासही मिळत नाही. मोठ्या कंपनीला अशी चूक सोसते. गटाच्या बचतीतून छपाईचा खर्च काढणाऱ्यांना ती सोसत नाही. म्हणून हे संशोधन केवळ मोठ्या उद्योगांचे साधन आहे, हा समज बरोबर नाही.

पूर्वपीठिका

अमेरिकेतील कर्टिस पब्लिशिंग कंपनीने इ.स. १९११ मध्ये चार्ल्स कूलिज पार्लिन यांच्याकडे बाजार संशोधनाचे काम सोपविले. व्यावसायिक बाजार संशोधनाचा आरंभ सामान्यतः तेथून मानला जातो. क्लॉड हॉपकिन्स यांचे ‘सायंटिफिक ॲडव्हर्टायझिंग’ हे पुस्तक इ.स. १९२३ मध्ये प्रसिद्ध झाले. जाहिरातीत छापलेली कुपने किती परत येतात ते मोजून एका मजकुराची दुसऱ्याशी तुलना करण्याचा आग्रह त्यांनी धरला. डेव्हिड ओगिल्व्ही हे जाहिरात संस्था काढण्यापूर्वी जॉर्ज गॅलप यांच्या जनमत-चाचणी संस्थेत काम करीत होते, आणि हा अनुभव त्यांच्या पुढील लेखनाचा पाया ठरला.

लोखंडी नांगराचे उदाहरण

महाराष्ट्रात या विषयाचे सर्वांत बोलके उदाहरण किर्लोस्करांच्या लोखंडी नांगराचे आहे. लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर (१८६९–१९५६) यांनी मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये अध्यापन केले होते. पुढे बेळगावात सायकलींच्या दुकानाबरोबर त्यांनी कडबा कापण्याचे यंत्र आणि लोखंडी नांगर यांच्या निर्मितीस हात घातला. औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांच्या साहाय्याने इ.स. १९१० मध्ये कुंडल रोड स्थानकाजवळ कारखाना उभा राहिला आणि त्या वसाहतीला किर्लोस्करवाडी हे नाव मिळाले.

नांगर लाकडी नांगरापेक्षा खोल जात असे. निर्मात्याच्या दृष्टीने हा गुण उघड होता. तरीही पहिले नांगर विकले जाण्यास सुमारे दोन वर्षे लागली, असे सांगितले जाते. लोखंडाने जमिनीत विष कालवले जाते, अशी समजूत शेतकऱ्यांत होती. अशा ग्राहकापुढे नांगर किती खोल जातो याची जितकी स्तुती करावी, तितकी त्याची भीती वाढण्याचाच संभव होता. कारण खोल जाणारे लोखंड म्हणजे त्याच्या समजुतीप्रमाणे खोलवर जाणारे विष. या शंकेला अंधश्रद्धा म्हणून बाजूला सारणे सोपे आहे. परंतु ज्याचे वर्षाचे पोट एका जमिनीवर अवलंबून आहे, त्याने तिच्यावर नवा प्रयोग करण्यास कचरावे यात अव्यवहार्य असे काहीच नव्हते.

विक्रीलेखनाच्या दृष्टीने येथे दोन गोष्टी दिसतात. पहिली अशी की, ग्राहकाचा आक्षेप वस्तूच्या मुख्य गुणाशीच जोडलेला असू शकतो, आणि तो आधी कळल्याशिवाय गुणवर्णन निष्फळ ठरते. दुसरी गोष्ट, लाभ ग्राहकाच्या कामाच्या भाषेत सांगावा लागतो. ‘अधिक खोल नांगरट’ हे यंत्राचे वर्णन झाले. दख्खनच्या काळ्या जमिनीत हरळी आणि कुंदा यांची मुळे खोल जातात व शेतकऱ्याला जेरीस आणतात; तेव्हा ‘हरळी मुळासकट निघते’ हे त्याच्या शेताचे वर्णन होते. हे दुसरे वाक्य शेताच्या बांधावर चौकशी केल्याविना सुचत नाही.

लक्ष्मणरावांचे पुतणे शंकर वासुदेव किर्लोस्कर (१८९१–१९७५) यांचे मूळ शिक्षण चित्रकलेचे होते. कारखान्यात त्यांनी जाहिरातीचे काम पाहिले. इ.स. १९२० मध्ये त्यांनी ‘किर्लोस्कर खबर’ हे नियतकालिक सुरू केले. प्रारंभी कारखान्याची व त्याच्या मालाची माहिती देणे हा त्याचा उद्देश होता. पुढे ते ‘किर्लोस्कर’ या नावाने मराठीतील एक प्रमुख मासिक झाले. ‘स्त्री’ (१९३०) आणि ‘मनोहर’ (१९३४) ही भावंडे त्याच्या जोडीला आली. विक्रीपत्रकातून वाङ्मयीन मासिक जन्मास यावे, हे मराठीत विरळाच. शंकररावांनी लिहिलेले लक्ष्मणरावांचे चरित्र ‘यांत्रिकाची यात्रा’ या नावाने प्रसिद्ध आहे.

पुण्यातील सर्वेक्षणाची परंपरा

पुणे शहरात घरोघर जाऊन माहिती गोळा करण्याची परंपरा जाहिरात संस्थांच्या आधी अर्थशास्त्रज्ञांनी रुजविली. रावबहादूर रा. रा. काळे यांच्या देणगीतून इ.स. १९३० मध्ये गोखले अर्थशास्त्र संस्था स्थापन झाली. धनंजय रामचंद्र गाडगीळ हे तिचे पहिले संचालक होते. संस्थेच्या आरंभीच्या प्रकाशनांत पुण्यातील फळांच्या विक्रीव्यवस्थेची पाहणी (१९३३) आहे. शहराच्या सामाजिक-आर्थिक पाहणीचे दोन भाग इ.स. १९४५ व १९५२ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि सोवनी व सहकाऱ्यांनी केलेली पुनर्पाहणी इ.स. १९५६ मध्ये आली. या अभ्यासांचा हेतू विक्री हा नव्हता. तथापि कुटुंबांची नमुना निवड, प्रशिक्षित गणक आणि तीच पाहणी काही वर्षांनी पुन्हा करणे ही बाजार संशोधनाची अंगे त्यांत स्पष्टपणे आढळतात.

टंचाईचा काळ आणि त्यानंतर

परवाना पद्धतीच्या काळात ग्राहकाला विचारण्याची निकड अनेक उद्योगांना भासली नाही. पुण्याजवळील आकुर्डी येथील बजाज ऑटोच्या स्कूटरसाठी नोंदणी करून वर्षानुवर्षे थांबावे लागे; जेथे रांग आहे तेथे मजकुराची गरज काय? १९८० च्या दशकात हे चित्र पालटले. जपानी सहकार्याने बनलेल्या दुचाक्या बाजारात आल्या, आणि त्यांत पुण्याचीच गिअर नसलेली कायनेटिक होंडा होती. इ.स. १९८९ मधील ‘हमारा बजाज’ ही मोहीम या स्पर्धेच्या पार्श्वभूमीवर आली. तिच्यात यंत्राची वैशिष्ट्ये जवळजवळ नाहीत. स्कूटर ही सामान्य कुटुंबाच्या घरातील वस्तू झाली आहे, या जाणिवेवर तिची सारी भिस्त होती.

सर्फ या धुण्याच्या पावडरीच्या ‘ललिताजी’ या जाहिरातीची कथा याहून वेगळी आहे. स्वस्त निरमापुढे महाग सर्फ विकणे हा प्रश्न होता. पारखून भाजी घेणारी, घासाघीस करणारी आणि तरीही चांगल्या वस्तूला योग्य दाम मोजणारी गृहिणी हे पात्र आपल्या आईवरून सुचल्याचे जाहिरातकार ॲलेक पदमसी सांगत. येथे उपयोगी पडले ते बारीक निरीक्षण.

पद्धती

चौकशीचा आरंभ उपलब्ध माहितीपासून होतो: जनगणना, पूर्वीची विक्री, प्रतिस्पर्ध्यांच्या जाहिराती आणि विशेषतः तक्रारींची नोंद. तक्रारवही हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित स्रोत आहे. पुण्यातील दुकानांवरच्या प्रसिद्ध पाट्यांची येथे आठवण होते. त्यांच्या तिरकसपणाची चर्चा फार होते; परंतु त्यांतील बऱ्याच पाट्या म्हणजे ग्राहकांनी शेकडो वेळा विचारलेल्या एकाच प्रश्नाचे वैतागून दिलेले लेखी उत्तर असते. प्रश्न नेमका हेरलेला असतो, उत्तराचा सूर मात्र विक्रीस पोषक असेलच असे नाही.

त्यानंतर प्रत्यक्ष निरीक्षण येते. महात्मा फुले मंडईत, तुळशीबागेत किंवा बचत गटांचा माल मांडणाऱ्या भीमथडी जत्रेसारख्या ठिकाणी ग्राहक वस्तू हातात घेऊन प्रथम काय पाहतो (किंमत, तारीख की वजन), कोणत्या क्षणी ती परत ठेवतो आणि सोबतच्या माणसाला काय म्हणतो, याची टिपणे काढली जातात.

मुलाखतीत ‘ही वस्तू तुम्ही घ्याल का?’ हा प्रश्न सर्वांत कमी उपयोगाचा ठरतो. पुण्यात नकार रोखठोक मिळतो अशी ख्याती असली, तरी समोर बसलेल्या माणसाचे मन न मोडण्याकडे येथेही कल असतो. ‘बघू’, ‘घरी विचारून सांगतो’ ही उत्तरे होकारात मोजल्यास निष्कर्ष चुकतात. त्याऐवजी घडून गेलेल्या व्यवहाराविषयी विचारावे: मागील वेळी काय घेतले, कोठून घेतले, दुसरे काय पाहिले होते, ते का सोडले. प्रश्नात उत्तर सुचविलेले नसावे.

संख्यात्मक पाहणीत नमुना कोणाचा आहे हे संख्येइतकेच महत्त्वाचे असते. सदाशिव पेठेतील शंभर कुटुंबांची मते हिंजवडीत नोकरीसाठी आलेल्या परप्रांतीय तरुणांना लागू होत नाहीत. हडपसर वा पिंपरी-चिंचवडच्या कामगार वस्तीलाही नाहीत. अखेरीस मजकुराची चाचणी घेतली जाते. एकाच वस्तूची दोन वेगळी पत्रके दोन सारख्या वस्त्यांत वाटून प्रत्येकावर वेगळा दूरध्वनी क्रमांक छापला, की कोणत्या पत्रकाला अधिक प्रतिसाद मिळाला ते कळते. हॉपकिन्स यांच्या कुपनांचाच हा अवतार होय.

भाषेची चौकशी

मराठी विक्रीलेखनात या संशोधनाचे महत्त्व अधिक आहे. कारण मोठ्या कंपन्यांचा मजकूर बहुधा इंग्रजी वा हिंदीत सिद्ध होतो आणि मागाहून मराठीत उतरविला जातो. व्याकरणदृष्ट्या निर्दोष असूनही असा मजकूर कोणाच्याही तोंडचा वाटत नाही. गृहिणी ‘गव्हाचे पीठ’ याऐवजी ‘कणीक’ म्हणते, गिरणीतून ‘दळण’ आणते. कापडाविषयी बोलताना ती ‘रंग जातो का’ आणि ‘आटते का’ असे विचारते. मुलाखतीत ऐकलेले हे शब्द जसेच्या तसे टिपून ठेवणे हे संशोधकाचे कर्तव्य मानले जाते. त्यांना प्रमाण रूप देण्याचा मोह येथे घातक ठरतो. ‘तुम्ही’ की ‘आपण’ हा निर्णयही चौकशीनेच करावा लागतो. बँकेच्या पत्रात शोभणारे ‘आपण’ खतांच्या पत्रकात परके वाटू शकते. विदर्भ, मराठवाडा, कोकण आणि खानदेश यांत एकाच वस्तूची नावे बदलतात, ही गोष्ट पुण्यात बसून लिहिणाऱ्यांच्या ध्यानी अनेकदा उशिरा येते.

आक्षेप आणि कायदेशीर बाजू

ग्राहकाची भीती जाणून घेणे आणि तिचा गैरफायदा घेणे यांतील रेषा पुसट आहे. त्वचा उजळ करणाऱ्या क्रीमच्या जाहिरातींनी मुलीचे लग्न व नोकरी यांविषयीची कुटुंबाची चिंता दीर्घकाळ वापरली. ती चिंता खरी होती. उत्तर म्हणून पुढे केलेली वस्तू योग्य होती काय, हा वादाचा विषय ठरला. या टीकेनंतर ‘फेअर अँड लव्हली’ने इ.स. २०२० मध्ये आपल्या नावातील गोरेपणाचा निर्देश काढला. दुसरा आक्षेप असा की, सर्वांनी तीच प्रश्नावली वापरल्यास सर्वांचा मजकूरही सारखाच होतो.

भारतात इ.स. १९८५ पासून भारतीय जाहिरात मानक परिषद स्वनियमनाचे काम करते. आजार बरे करण्याच्या दाव्यांवर औषधे व चमत्कारी उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४ याचे निर्बंध आहेत. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ अन्वये भ्रामक जाहिरातीसाठी केंद्रीय प्राधिकरण दहा लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा तसे घडल्यास पन्नास लाख रुपयांपर्यंत दंड करू शकते. त्यामुळे लेखनपूर्व चौकशीत दाव्याचा पुरावा गोळा करणे हाही भाग येतो. मुलाखत देणाऱ्यांची नावे व दूरध्वनी क्रमांक संगणकीय नोंदीत साठविताना अंकीय वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, २०२३ यातील संमतीविषयक तत्त्वे लक्षात घ्यावी लागतात. चौकशीसाठी घेतलेला क्रमांक पुढे विक्रीच्या संदेशांसाठी परस्पर वापरणे त्यांत बसत नाही.